पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी टीव्हीचं चित्र फुटतंय? बाहेरच्या अँटेनाचा परत परत येणारा बिघाड असा शोधा

घरावर बाहेरचा अँटेना लावलाय, चित्र कधी एकदम स्वच्छ तर कधी ठोकळे ठोकळे होऊन अडकतंय, आवाज मध्येच तुटतोय, मग आपोआप बरं होतंय आणि चार दिवसांनी परत तेच, अशांसाठी हे लिहितोय. कायमचा बंद पडलेला अँटेना शोधायला सोपा असतो, हा येऊन-जाऊन असणारा त्रास मात्र माणसाला जेरीस आणतो, कारण तुम्ही शिडी लावून वर जाता तेव्हा नेमकं सगळं व्यवस्थित चालू असतं. माझ्याकडे हे जवळपास दोन वर्षं चाललं. तेवढ्यात मी दोन बूस्टर (सिग्नल मोठा करणारं यंत्र) बदलले, एक मोठा अँटेना आणला, आणि दोष निघाला केबलच्या टोकाशी. तेवढा खर्च आणि मनस्ताप दुसऱ्या कुणाला होऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, चित्राच्या बाजूला सावली पडायची, म्हणजे बिघाड हळूहळू वाढताना डोळ्यांना दिसायचा. डिजिटलमध्ये तसं होत नाही. टीव्ही आलेल्या चुका आतल्या आत दुरुस्त करत राहतो आणि चित्र शेवटपर्यंत छान दाखवतो, मग सिग्नल ठरावीक पातळीच्या जरासा खाली गेला की सगळं एकदम कोसळतं. म्हणून "काल तर मस्त दिसत होतं" या वाक्यातून काहीच कळत नाही. काल सुद्धा तुम्ही कड्याच्या टोकाला उभे असाल, फक्त पाय घसरला नव्हता. तिथून एक-दोन डेसिबल (सिग्नलची ताकद मोजायचं माप) कमी झाले की संपलं, आणि एक-दोन डेसिबल तर ओला कनेक्टर, थोडा फिरलेला पाइप, एखादा जास्तीचा जोड, यातलं काहीही खाऊन टाकतं.

म्हणजे नुसतं चित्राकडे बघून निदान करायचं नाही. टीव्हीच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नल दाखवणारी स्क्रीन असते ती उघडा. तिथं बहुतेक दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंग्थ आणि एक क्वालिटी. सगळे जण स्ट्रेंग्थकडे बघतात, आणि तिथंच फसतात. स्ट्रेंग्थ म्हणजे किती आवाज येतोय, क्वालिटी म्हणजे बोललेलं किती समजतंय. स्ट्रेंग्थ नव्वदवर आणि क्वालिटी मात्र वर-खाली नाचतेय, असं असेल तर सिग्नल कमी नाहीये, त्यात कचरा मिसळतोय. मग अजून जोर लावून उपयोग नाही.

आता एक छोटी वही घ्या, मोबाइलवर नोंद केली तरी चालेल, आणि आठ-दहा दिवस फक्त लिहून काढा: चित्र कधी फुटलं, त्या वेळी हवा कशी होती, सगळे चॅनल गेले की एकच, क्वालिटीचा आकडा किती. कंटाळवाणं काम आहे हे मान्य, पण या प्रकारच्या बिघाडात निम्मं निदान इथंच होतं.

माझ्या नोंदीत जे दिसलं ते असं. पाऊस पडत असताना चित्र बऱ्यापैकी चालू, पाऊस थांबला की त्या रात्रीपासून फुटायला सुरुवात, दोन-तीन दिवस हाल, मग कडक ऊन पडलं की हळूहळू ठीक. मी आणि घरातले सगळे म्हणायचो की पावसामुळं सिग्नल अडतो. हे डिशच्या बाबतीत खरं आहे, कारण घरगुती डिश साधारण १० ते १२ गिगाहर्ट्झवर चालते आणि तिथं जोराचा पाऊस सिग्नल खरंच गिळतो. पण काड्यांच्या टीव्ही अँटेनाचं काम काही शे मेगाहर्ट्झवर चालतं, तिथं पावसाच्या थेंबांनी जवळजवळ काही फरक पडत नाही. म्हणजे पावसानंतर त्रास होत असेल तर पाणी हवेतून नव्हे, तर तुमच्या सामानातून सिग्नल खातंय. हे ज्या दिवशी डोक्यात शिरलं त्या दिवशी मी बूस्टरचा विषय सोडला आणि वर चढलो.

वर चढण्याआधी, हे अगदी हात जोडून सांगतो, आजूबाजूला विजेच्या उघड्या तारा आहेत का ते बघा. पाइप आणि अँटेना कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचता कामा नये, आणि वर अजून थोडी मोकळी जागा हवी. अँटेना उभा करताना पाइप तारेला लागून माणसं गेलेली आहेत, ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. एकट्यानं चढू नका, वारा असेल किंवा ढग गडगडत असतील तर त्या दिवशी काम नको, आणि पाइप धरायला खाली दुसरा माणूस हवाच.

तर वर गेल्यावर मी केबल अँटेनापासून सोडवली. कनेक्टर फिरवला तेव्हा तो आधी हललाच नाही, पाना लावून फिरवला तर कडकड करत निघाला आणि आतून पाण्याचा एक थेंब बोटावर आला. पाऊस होऊन तीन दिवस झाले होते, आणि वर बाहेरून काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली होती! मधल्या तांब्याच्या तारेवर हिरवट थर, आणि केबलचं वरचं काळं साल सोलल्यावर आतली जाळी, जी चकचकीत असायला हवी, ती राखाडी-काळी पडलेली, बोटानं चोळली की भुकटी हाताला लागत होती. म्हटलं एवढं टोक कापून नवीन कनेक्टर लावू. वीतभर कापलं, आत अजून काळं. हातभर कापलं, तरी काळं. पाणी जाळीच्या बारीक तारांमधून वातीतून तेल चढावं तसं पुढे पुढे सरकत जातं, आणि अँटेनापासून केबल उताराला असेल तर ते उतरत खाली घरापर्यंत सुद्धा येतं. शेवटी अख्खी केबल टाकून दिली आणि नवीन ओढली. तुमच्याकडे कापल्यावर लगेच स्वच्छ धातू दिसला तर तेवढ्यावर भागतं, नाही दिसला तर लोभ करू नका, केबल बदला. नवीन बूस्टर घेण्यापेक्षा हे कधीही बरं.

साधी चिकटपट्टी पाणी अडवत नाही, उलट आत शिरलेलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. यासाठी एक वेगळी रबरी टेप मिळते जी गोंदानं चिकटत नाही, ताणून गुंडाळली की स्वतःवरच चिकटून एकजीव होते. ती खालून वर गुंडाळायची, म्हणजे वरचा प्रत्येक फेरा खालच्यावर कौलासारखा बसतो आणि पाणी ओघळून जातं. सिलिकॉन भरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं वापरू नका, त्यातल्या आम्लानं तांबं गंजतं. आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी केबलवरून येऊन झोळाच्या तळाशी टपकेल, कनेक्टरकडे जाणार नाही. केबल घराच्या भिंतीतून आत शिरते तिथं सुद्धा असाच झोळ हवा, नाहीतर पाणी केबलवरून चालत खोलीत येतं.

अँटेनाच्या मध्यभागी जिथं केबल लागते तिथं एक प्लॅस्टिकची डबी असते. तिच्यात बॅलन असतो, म्हणजे अँटेनाचे ३०० ओहम केबलच्या ७५ ओहमशी जुळवणारा छोटासा भाग. डबी उघडून बघा, किड्यांनी घर केलेलं असतं, गंज असतो, कधी सोल्डर सुटलेलं असतं. डबीच्या तळाला बारीक भोक दिसलं तर ते बुजवू नका! आतला दमटपणा बाहेर जाण्यासाठी ते ठेवलेलं असतं.

कनेक्टर बसवताना होणाऱ्या दोन चुका मी इतक्या ठिकाणी बघितल्यात की त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली, जाळीची एखादी केसासारखी तार आत राहते आणि मधल्या तारेला टेकते. ती कधी टेकते, कधी सुटते, वारा आला की हलते, आणि तुम्ही महिनोन्महिने अँटेना फिरवत बसता. दुसरी, मधली तार आखूड कापली जाते. एफ कनेक्टर (टीव्ही केबलचा आट्यांवर फिरवून बसवायचा) असेल तर पांढरा प्लॅस्टिकचा भाग कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट आला पाहिजे आणि मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर साधारण २-३ मिलिमीटर दिसली पाहिजे. नुसता पिळून बसवायचा कनेक्टर बाहेर, उन्हापावसात, टिकत नाही. दाबून बसवायचा, कंप्रेशनचा घ्या, त्याचं हत्यार कुणाकडून मागून आणावं लागलं तरी चालेल. मल्टीमीटर असेल तर केबलची दोन्ही टोकं सोडवून मधली तार आणि जाळी यांच्यात तपासा, जोडणी दाखवता कामा नये. अँटेना तसाच जोडून हे तपासू नका, बऱ्याच बॅलनमध्ये दोन्ही टोकं आतून जोडलेलीच असतात आणि मीटर उगाच शॉर्ट दाखवतो.

दोष केबलमध्ये आहे की अँटेनात हे कळायला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे एक लहान टीव्ही वर नेऊन दोन मीटरच्या चांगल्या केबलनं थेट अँटेनाला जोडणं. मधला बूस्टर, स्प्लिटर (एक केबल अनेक टीव्हींना वाटणारा), भिंतीतला सॉकेट, सगळं वगळून. वर क्वालिटी छान आणि खाली रडतंय तर अँटेनाला हात लावू नका, दोष मधल्या मार्गात आहे. मग एकेक वस्तू परत जोडत खाली या, जिथं आकडा पडेल तिथं थांबा. हे करायला अर्धा दिवस जातो, पण परत अंदाजानं वस्तू विकत आणायची वेळ येत नाही.

केबल बदलल्यावर माझं चार महिने छान चाललं आणि मग परत फुटायला लागलं. या वेळी वही उघडली तर पावसाशी संबंधच नाही, प्रत्येक नोंदीत वारा. वर जाऊन बघितलं तर पाइपाला धरणारा यू आकाराचा क्लॅम्प ढिला, आणि अँटेना टीव्ही प्रक्षेपणाच्या टॉवरच्या दिशेपासून चांगलाच फिरलेला. अँटेना जितका लांब आणि काड्या जितक्या जास्त, तितका तो अरुंद कोनातून ऐकतो, म्हणून मोठा अँटेना थोडा फिरला तरी लगेच कळतं, लहान अँटेना तेवढं सहन करतो. दिशा परत लावली, क्लॅम्प आवळला, आणि पाइपापासून क्लॅम्पवर जाईल अशी रंगाची एक उभी रेघ ओढली. आता अँटेना फिरला की रेघ तुटलेली दिसते, खालून दुर्बिणीतून सुद्धा कळतं. पाइप ३ मीटरपेक्षा उंच असेल तर त्याला तीन बाजूंनी तारेचे तणावे द्याच, नुसत्या क्लॅम्पच्या भरवशावर सोडू नका.

दिशा लावताना घाई नको. डिजिटल ट्यूनर आकडा दाखवायला काही सेकंद घेतो, म्हणून थोडं फिरवा, थांबा, खाली ओरडून आकडा विचारा, मग पुढे. क्वालिटी डावीकडे कुठं पडते आणि उजवीकडे कुठं पडते या दोन्ही खुणा करून अँटेना त्यांच्या मधोमध ठेवा, म्हणजे दोन्हीकडे थोडी सवलत राहते. होकायंत्र वापरणार असाल तर लोखंडी पाइपापासून लांब उभं राहून वापरा, नाहीतर सुई पाइपाकडेच ओढली जाते. आणि अँटेनाची पुढची बाजू कुठली हे बघा: नेहमीच्या यागी प्रकारात (एका दांड्यावर ओळीनं काड्या असतात तो) आखूड काड्या टॉवरकडे आणि मागचा लांब दांडा किंवा जाळी विरुद्ध बाजूला. उलटा लावलेला अँटेना मी स्वतः दोन घरांवर बघितलाय, दोन्हीकडे थोडंफार दिसत होतं म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती. काड्या आडव्या ठेवायच्या की उभ्या हे टॉवरवर अवलंबून असतं, शेजारचे अँटेना बघा आणि तसंच ठेवा, चुकलात तर सिग्नलचा फार मोठा हिस्सा वाया जातो.

यागी म्हणजे या अँटेनाचं पूर्ण नाव यागी-उदा. जपानमधल्या तोहोकु विद्यापीठात १९२६ च्या सुमारास शिंतारो उदा यांनी हिदेत्सुगु यागी यांच्या हाताखाली हे काम केलं, आणि बोलण्यात मात्र उदांचं नाव गळून गेलं. मला ते नेहमी खटकतं म्हणून इथं लिहिलं.

बूस्टरबद्दल. बूस्टर सिग्नल तयार करत नाही, जे येतं ते मोठं करतो, कचऱ्यासकट. त्याचं खरं काम केबलमध्ये होणारी गळती भरून काढणं एवढंच, म्हणून तो वर अँटेनाजवळ लावायचा आणि वीज केबलमधूनच वर पाठवायची. टीव्हीच्या मागं लावलेला बूस्टर बऱ्याचदा नुसता स्ट्रेंग्थचा आकडा फुगवतो. गळतीचा अंदाज हवा असेल तर आरजी-६ (टीव्हीची नेहमीची) केबल ५०० मेगाहर्ट्झला ३० मीटरमध्ये साधारण ५ डेसिबल खाते, म्हणजे वर आलेल्या सिग्नलपैकी जेमतेम एक तृतीयांश खाली पोचतो. दोन टीव्हींचा स्प्लिटर त्यावर अजून साडेतीन डेसिबल, चार टीव्हींचा सातच्या आसपास. केबल लांब आणि टीव्ही जास्त असतील तर बूस्टर लागतोच, पण केबल दहा मीटर आणि टीव्ही एकच असेल तर आधी तो काढून बघा. टॉवर जवळ असताना बूस्टर लावला तर तो भरून वाहतो आणि चांगले चॅनल सुद्धा फुटतात. आणि वर बूस्टर असून मध्ये स्प्लिटर लावलाय तर स्प्लिटरची वीज जाऊ देणारी बाजू बूस्टरला वीज देणाऱ्या ॲडॅप्टरकडे आहे ना ते तपासा, नाहीतर बूस्टरपर्यंत वीजच जात नाही आणि बंद बूस्टर सिग्नल अडवून बसतो.

ज्यांना नवीनच घ्यायचाय त्यांनी खोक्यावर लिहिलेल्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. पृथ्वी गोल आहे, टॉवर ३०० मीटर उंच आणि तुमचा अँटेना ९ मीटरवर असेल तर सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज साधारण ८४ किलोमीटरला संपतं. त्यापलीकडे कधीमधी दिसेल, पण रोज दिसेलच असं नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. "एचडी" किंवा "फोर-के" अँटेना असंही काही नसतं, काड्यांना त्यातून काय जातंय ते कळत नाही. बघायचं ते एवढंच की तुमचे चॅनल यूएचएफवर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीवर, आहेत की व्हीएचएफवर, म्हणजे खालच्या. ५०० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी ३० सेंटीमीटर होते आणि २०० ला ७५, म्हणून तळहाताएवढ्या चपट्या अँटेनावर व्हीएचएफचे चॅनल धड येत नाहीत. सगळे टॉवर एकाच बाजूला असतील तर लांब यागी घ्या, दोन-तीन बाजूंना पसरले असतील तर जरा रुंद कोनातून ऐकणारा, फुलपाखरासारख्या काड्यांचा.

संध्याकाळीच फुटत असेल तर घरातले दिवे बघा. काही एलईडी दिवे आणि चार्जर रेडिओ गोंगाट सोडतात, विशेषतः व्हीएचएफवर. क्वालिटीची स्क्रीन उघडी ठेवून एकेक दिवा, एकेक चार्जर बंद करत जा, चोर सापडतो. एचडीएमआयची हलक्या दर्जाची केबल अँटेनाच्या केबलला चिकटून जात असेल तर ती पण लांब करा. वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनलच जात असतील तर मोबाइलचा टॉवर कारण असू शकतो. जुने अँटेना आणि बूस्टर ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकायला बनवलेले असतात, आणि त्यातला वरचा भाग बऱ्याच देशांत आता मोबाइलकडे गेलाय. त्यासाठी फिल्टर मिळतो, पण तो बूस्टरच्या आधी लावायचा, नंतर लावून काही होत नाही.

आणि गरम, स्थिर हवेच्या दिवसांत पहाटे किंवा संध्याकाळी अचानक लांबचे अनोळखी चॅनल दिसायला लागले आणि तुमचे नेहमीचे फुटले, तर काहीही करू नका. हवेच्या थरांमुळं लांबचा सिग्नल वळून तुमच्यापर्यंत येतो आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंधळ घालतो. अशा वेळी परत स्कॅन केलं तर टीव्ही तुमचे नेहमीचे चॅनल यादीतून काढून टाकू शकतो, मग हवा सुधारल्यावर पण ते दिसत नाहीत. काही तास, फार तर एक-दोन दिवस थांबा.

अर्थिंगचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या: पाइपाला जाड तांब्याची तार, ती घराच्या अर्थिंगशी जोडलेली, आणि केबल आत शिरते तिथं तिच्या जाळीला पण अर्थ. थेट वीज पडली तर यानं टीव्ही वाचेलच असं नाही, पण वाऱ्यानं साठणारा स्थिर भार निघून जातो. वादळ येण्याआधी केबल टीव्हीपासून काढून ठेवा, गडगडायला लागल्यावर हात लावू नका.

माझा अजून एकच चॅनल त्रास देत होता, बाकी सगळे ठीक आणि हा एकटा झाडं हलली की फुटायचा. असा एकटा चॅनल म्हणजे बहुतेक सिग्नल दोन वाटांनी येऊन एकमेकांना कापत असतो, एक सरळ, दुसरा कुठल्या तरी भिंतीवरून किंवा छपरावरून उसळून. उंची वाढवून काही फरक पडला नाही. मग शेवटी उलटं करून बघितलं, अँटेना त्याच पाइपावर अर्धा मीटर खाली सरकवला, आणि क्वालिटी ५२ वरून ७१ वर गेली. क्लॅम्पच्या नव्या जागेवर परत रंगाची रेघ ओढलीये, नंतर दोनदा जोराचा वारा येऊन गेला, रेघ अजून सरळ आहे आणि आकडा ७० च्या खाली आलेला नाही.